शेवटचा मजला म्हणजे भट्टी?

‘वरचा मजला स्वस्त मिळतो, पण वाचलेले पैसे एसीच्या बिलात जातात,’ हे पुण्या-मुंबईत घर शोधणाऱ्याला हमखास ऐकवलं जातं. हे अर्धंच खरं. दोष मजल्याचा नाही, उघड्या काळपट स्लॅबचा. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खाली सोडतो. म्हणून तर रात्री अकरालाही पंख्याचा वारा गरम लागतो. गच्चीवर पांढरा चुना किंवा परावर्तक रंग दिला, की बरंचसं ऊन परत फिरतं. चुना पावसात धुपतो, दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो. चायना मोझॅक, म्हणजे गच्चीवर बसवलेले पांढऱ्या चकचकीत टाइल्सचे तुकडे, महाग, पण टिकाऊ. तेलंगणाने तर 2023 मध्ये अशा थंड छतांसाठी धोरणच आणलं. गच्ची मात्र सोसायटीची, तेव्हा आधी परवानगी! आणि पश्चिमेची भिंत उघडी असेल, तर खालचा मजलाही तापतोच.