क्लाउड इंजिनिअर की डेव्हऑप्स इंजिनिअर?

नोकरीच्या जाहिरातींत ‘क्लाउड/डेव्हऑप्स इंजिनिअर’ असं सर्रास छापतात. मधल्या त्या तिरक्या रेघेमुळे नवी मुलं गोंधळतात. दोन्हीकडे लिनक्स, एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा), टेराफॉर्म (सर्व्हर-नेटवर्कची मांडणी कोडने करायचं साधन) हीच नावं, मग काम वेगळं ते काय?

क्लाउड इंजिनिअर जागा सांभाळतो: नेटवर्क, सर्व्हर, स्टोरेज, कोणाला कशाची परवानगी, बॅकअप आणि महिन्याचं बिल. डेव्हऑप्सवाला वाट सांभाळतो. डेव्हलपरने कोड गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) पुश केला की बिल्ड, टेस्ट, डॉकर इमेज (अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज), डिप्लॉयमेंट (ते सर्व्हरवर चढवणं) आणि फसलंच तर रोलबॅक (आधीच्या आवृत्तीवर परत जाणं), ही सगळी पाइपलाइन त्याच्याकडे.

दोन्हींची कुळंही वेगळी. अ‍ॅमेझॉनने 2006 मध्ये एस-थ्री (स्टोरेज) आणि ईसी-टू (सर्व्हर) आणून दोन्ही भाड्याने द्यायला सुरुवात केली. डेव्हऑप्सची चळवळ मात्र कोड लिहिणारे आणि सर्व्हर चालवणारे यांच्यातल्या जुन्या भांडणातून आली. पॅट्रिक डेबुआने 2009 मध्ये बेल्जियममधल्या गेंटला पहिलं डेव्हऑप्सडेज संमेलन भरवलं. त्यामुळे स्वतःच्या डेटा सेंटरवर, क्लाउडला हातही न लावता, उत्तम डेव्हऑप्स करता येतं.

फरक खरा कळतो तो काहीतरी बंद पडल्यावर. समजा, अ‍ॅप 8080 पोर्टवर (सर्व्हरच्या क्रमांक दिलेल्या दारावर) चालत होतं. नव्या रिलीजमध्ये ते 3000 वर गेलं, पण लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या सर्व्हरकडे वाटून देणारा) अजून 8080 वरच पाठवतोय. तिथे ऐकायला कोणी नाही, सर्व्हर लगेच कनेक्शन नाकारतो आणि ग्राहकाला 502 हा एरर दिसतो. डेव्हऑप्सवाला सर्वांत आधी विचारतो, ‘शेवटचं डिप्लॉयमेंट कधी झालं?’ आता उलट धरा: लोड बॅलन्सरही 3000 वर आणला, पण सिक्युरिटी ग्रुपमध्ये (कोणत्या पोर्टवर कोणाला येऊ द्यायचं ते ठरवणारी एडब्ल्यूएसची फायरवॉल) 8080 च उघडा राहिला. सिक्युरिटी ग्रुप नकारही कळवत नाही, पॅकेट गुपचूप टाकून देतो. वाट बघून बघून लोड बॅलन्सर 504, म्हणजे वेळ संपल्याचा एरर, देतो. इथे क्लाउडवाल्याची नजर आधी जाते. (अ‍ॅप नुसतं संथ असलं तरी 504 येतो, म्हणून लगेच निकाल देऊ नये.)

सर्टिफिकेशनच्या परीक्षांमध्येही हाच स्वभाव दिसतो. एडब्ल्यूएसच्या सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएटला 130 मिनिटांत 65 प्रश्न, पर्याय निवडायचे. कुबरनेटिस (अनेक सर्व्हरच्या क्लस्टरवर कंटेनर चालवणारी प्रणाली) याच्या सीकेए परीक्षेला पर्याय नाहीत. दोन तास टर्मिनलवर बसून क्लस्टर दुरुस्त करून दाखवायचा.

फ्रेशरने कुठून शिरावं? माझ्या मते क्लाउडकडून. सपोर्ट, मॉनिटरिंग, मायग्रेशन अशा कामांत नवख्याला घेतात. पाइपलाइन मात्र सहसा त्याच्याच हाती देतात, ज्याने कोड कसा बनतो आणि कसा मोडतो हे पाहिलंय. डेव्हलपर किंवा टेस्टर असाल तर थेट डेव्हऑप्सकडे वळा, पुन्हा खालून सुरुवात करायची गरज नाही. दोन्हीकडे लिनक्स आणि नेटवर्किंग टाळता येत नाही. स्लॅश 24 च्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एका तुकड्यात) आयपी पत्ते 256, मग एडब्ल्यूएसवर वापरायला 251 च का मिळतात, हे मुलाखतीत विचारू शकतात. (प्रत्येक सबनेटमधले 5 एडब्ल्यूएस स्वतःकडे राखून ठेवतं.)

तुम्हीही एक प्रश्न विचारा: पहिल्या तीन महिन्यांत माझ्या हातात काय असेल? उत्तरात व्हीपीसी (एडब्ल्यूएसमधलं खासगी नेटवर्क), आयएएम (परवानग्यांची व्यवस्था), मायग्रेशन आलं तर क्लाउड. जेन्किन्स (पाइपलाइन चालवणारं साधन), हेल्म (कुबरनेटिसवर अ‍ॅप बसवायचं साधन), रिलीज आलं तर डेव्हऑप्स. ‘सगळंच’ म्हणाले, तर टीममध्ये माणसं किती आहेत ते लगेच विचारून घ्या.