चढलेला ओबो, उतरलेला तंबोरा

पाश्चात्य ऑर्केस्ट्रा वाजायला लागण्याआधी ओबो या फुंकून वाजवायच्या लाकडी वाद्याचा वादक एक लांब स्वर धरतो आणि बाकीचे त्याच्याशी आपापली वाद्यं मिळवून घेतात. तो स्वर म्हणजे आपल्या हार्मोनियमची पांढरी सहा, सेकंदाला ४४० कंपनं. ओबोचा धारदार आवाज गर्दीतूनही स्वच्छ ऐकू येतो, म्हणून हा मान त्याला. दुसरंही एक कारण सांगतात आणि ते मला जास्त पटतं. क्लॅरिनेटचे किंवा ट्रम्पेटचे सांधे थोडे ओढून स्वर उतरवता येतो. ओबोला ती सोय जवळजवळ नाहीच. ज्याला हलता येत नाही, त्याच्याकडे इतरांनी यायचं.

शिकणाऱ्याची पंचाईत इथूनच सुरू होते. सोलापुरात बसून ओबो शिकायचा तर गुरू बहुधा व्हिडिओ कॉलवर. पलीकडून “चढतोय” किंवा “उतरतोय” एवढं कळतं, पण का ते कळत नाही. मग विद्यार्थी ओठांनी पत्ती, म्हणजे तोंडाशी थरथरणारी पात्यांची जोडी, दाबून स्वर ओढूनताणून जागेवर आणतो आणि पंधरा मिनिटांत त्याचे ओठ थकतात.

खरं तर दुहेरी पत्तीचं वाद्य या गावाला नवं नाही. सोलापूरच्या जाधव घराण्यानं जपलेली सुंदरी ही सनईहून लहान, पण जात तीच. वर निमुळती आणि खाली रुंद होत जाणारी नळी, तोंडाशी एकमेकांना चिकटून थरथरणारी दोन पाती. ओबोची ठेवणही तशीच. मात्र सनईवाला बोटानं भोक अर्धवट झाकून आणि ओठ आवळून-सैल करून स्वर हवा तिथं नेतो. ती त्याची कलाच आहे. ओबोची भोकं ठरलेल्या जागी, बरीचशी धातूच्या चाव्यांखाली असतात. त्यामुळे तिथं ओठ हा शेवटचा उपाय धरावा. आधी बघायचं ते चूक कशी पसरली आहे: सगळे स्वर सारखेच हललेत, की फक्त तार सप्तक, म्हणजे वरचे स्वर, की एखादाच स्वर? चुकीच्या या नकाशावरून दोष कुठं आहे ते बरंच कळतं.

सगळेच स्वर सारखे चढे किंवा उतरे असतील तर पहिल्यांदा मोबाइलमधला ट्यूनर, म्हणजे स्वर मोजून दाखवणारं ॲप, तपासा. लंडनमध्ये १९३९ साली झालेल्या परिषदेत ४४० हा आकडा ठरला, तरी युरोपातले अनेक ऑर्केस्ट्रा ४४२ किंवा ४४३ वर वाजवतात आणि पुष्कळ ओबोही ४४२ धरूनच बनवलेले असतात. दोन शेजारच्या स्वरांतल्या, म्हणजे पांढरी एक आणि काळी एक यांच्यातल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्या एका भागाला सेंट म्हणतात. ४४० आणि ४४२ मध्ये साधारण आठ सेंटचा फरक पडतो. म्हणजे वाद्य बरोबर, ओठ बरोबर आणि ॲपची सेटिंग तेवढी चुकीची, असंही होऊ शकतं.

सेटिंग ठीक असेल तर सोलापूरचा उन्हाळा आहेच. उष्णतेनं लाकूड प्रसरण पावतं, नळी लांबते आणि स्वर उतरतो, असं अनेकांना वाटतं. लाकडाचं ते लांबणं इतकं किरकोळ की कानाला कळूच नये. स्वर ठरतो तो नळीतल्या हवेवरून. २० अंशांना हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, ४० अंशांना सुमारे ३५५. लांबी तीच आणि वेग जास्त, म्हणून कंपनं वाढतात; नळीतली हवा एक अंशानं तापली की स्वर जवळपास तीन सेंट चढतो. फुंकरीनं आतली हवा आधीच तापलेली असते, त्यामुळे बाहेरचा सगळा फरक काही स्वरात उतरत नाही. तरीही एसीच्या खोलीत जुळवलेला ओबो मे महिन्याच्या दुपारी अंगणात नेला तर तो चढणारच.

तंबोऱ्याचं मात्र उलट. तापल्यावर त्याची तार लांबते, ताण कमी होतो आणि स्वर उतरतो. एकाच उन्हात ओबो वर आणि तंबोरा खाली, आणि मधल्या मधे वाजवणारा स्वतःला बेसूर समजून बसतो! इलेक्ट्रॉनिक तंबोरा जागचा हलत नाही, म्हणून उन्हाळ्यात रियाजाला तोच बरा. थंडीतल्या सकाळी याउलट गार ओबो उतरलेला असतो. तेव्हा पाच-दहा मिनिटं वाजवून आतली हवा तापू द्यावी, मगच ट्यूनरकडे बघावं. पण थंडगार ओबोत एकदम जोरात फुंकू नये. आतून ऊब आणि ओल, बाहेरून थंड आणि कोरडं, अशा ओढाताणीत नवं लाकूड तडकतं.

आता सर्वांत रंजक भाग. खालचे स्वर ठीक, पण तार सप्तक चढतं किंवा उतरतं, अशी तक्रार असेल तर दोष बहुतेक वेळा पत्तीत असतो. ओबोची नळी म्हणजे टोक कापलेलं गाजर. शंकूचं ते टोक वाद्यात नसतंच. त्याच्या जागी पत्ती आणि तिची धातूची नळी बसते. कापलेल्या टोकाचं जेवढं आकारमान, तेवढंच या जोडीचं भासमान, म्हणजे ध्वनीला जाणवणारं, आकारमान असेल तर वरचं सप्तक खालच्याच्या बरोबर दुप्पट कंपनांवर बसतं. पत्ती फार उघडी असेल तर ते आकारमान वाढतं आणि स्वर उतरतात, पण सारखे नाही. त्याच बोटांवर फुंकलेल्या वरच्या सप्तकातल्या स्वराला खालच्याच्या सुमारे चौपट फटका बसतो. पत्ती मिटलेली असेल किंवा दातओठ खाऊन दाबलेली असेल तर तार सप्तक त्याच प्रमाणात वर पळतं. ओठांनी दुरुस्ती करायला गेलं की दुसरीकडे बिघडतं, ते यामुळे.

पत्ती बोरूसारख्या पोकळ गवताची असते आणि वाजवण्याआधी ती काही मिनिटं पाण्यात भिजवतात. इथं सोलापूरची कोरडी हवा आडवी येते. एप्रिल-मेमध्ये बोलता बोलता पत्ती सुकते, पाती ताठ होतात, स्वर फुटत नाही. म्हणून कुणी ती पाण्यातच ठेवून देतं. मग ती फुगून जास्त उघडते आणि स्वर बसका, उतरलेला येतो. छोट्या डबीत पाणी ठेवावं, पत्ती थोडा वेळ बुडवून काढावी आणि मधूनमधून ओली करत राहावी.

स्वर चढतोय म्हणून पत्ती वाद्यातून थोडी वर ओढायची, ही युक्ती बासरी-क्लॅरिनेटवाल्यांकडून हमखास सुचवली जाते. करू नये. मधल्या पांढरी एकसाठी ध्वनीच्या कामाची लांबी साधारण ३३ सेंटीमीटर आहे, सर्वांत खालच्या काळी पाचसाठी साधारण ७४. एक मिलिमीटर ओढलं तर पहिला स्वर पाच सेंट उतरतो, दुसरा जेमतेम अडीच. शिवाय पत्तीखाली जी पोकळी राहते ती नळीचा शंकू बिघडवते. पत्ती पूर्ण आत बसवावी; तरीही वाद्य चढंच राहिलं तर पत्ती बदलावी.

एखादाच स्वर हट्टानं चुकत असेल तर गोष्ट सरळ यांत्रिक असते. भोकात धूळ साचली किंवा चावीखालची, भोक झाकणारी गादी पुरेशी उचलली जात नसेल तर तो स्वर उतरतो आणि घुसमटतो. गादी नीट बसत नसेल तर खालचे स्वर निघतानाच अडखळतात. वरचा भाग वेगळा काढून त्याची भोकं बंद करा, खालचं तोंड तळव्यानं झाका आणि वरून हवा ओढून घ्या. ओढ काही सेकंद टिकली तर ठीक; लगेच सुटली तर गळती आहे. स्क्रू मात्र स्वतः फिरवू नका. ओबोचे स्क्रू एकमेकांत गुंतलेले असतात, एक फिरवला की तीन चाव्या हलतात.

एवढं करूनही गंधारच तेवढा उतरलेला दिसत असेल, तर दोष वाद्यात नसण्याचीच शक्यता जास्त. तंबोऱ्यावर तयार झालेला कान शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर लावतो. ट्यूनर आणि पियानो तो ४०० वर मागतात. चौदा सेंटचा हा फरक काटा लगेच लाल करून दाखवतो. अशा वेळी आपण कुणाबरोबर वाजवतोय ते बघायचं: पियानो किंवा हार्मोनियमच्या साथीला गंधार थोडा चढा घ्यायचा, तंबोऱ्यावर मात्र ट्यूनर बंद करून ठेवायचा.