हाडात पसरलाय का? बोन स्कॅन आणि मार्करच्या वादामागचा इतिहास

स्तनाचा कर्करोग शरीरात दूरवर पसरतो तेव्हा सगळ्यात जास्त वेळा हाडांत जातो. उपचार संपल्यावर त्रास नसतानाही हा फैलाव शोधत सांगाड्याचा बोन स्कॅन आणि मार्करची, म्हणजे गाठीचा सुगावा देणाऱ्या रक्तातल्या पदार्थाची, तपासणी करत राहावं का, हा तो वाद. लंडनच्या एका शल्यविशारदाने १८८९ मध्ये सातशेहून अधिक शवविच्छेदनांच्या नोंदी चाळून दाखवून दिलं की गाठ वाटेल तिथे रुजत नाही, तिला ठरावीक जागा मानवतात. १९४० मध्ये मणक्याभोवतीच्या झडपा नसलेल्या शिरांचं जाळं समोर आलं आणि कणा आधी का धरला जातो, याचा उलगडा होऊ लागला.

खरी अडचण दिसण्याची होती. हाडातली तीस ते पन्नास टक्के खनिजं झिजल्याशिवाय साध्या एक्स-रेवर काही उमटत नाही. १९७० च्या दशकात टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याला हाडात जाऊन बसणाऱ्या फॉस्फेटच्या जातीच्या संयुगांची जोड मिळाली आणि बोन स्कॅन रुळला. मुंबईत परळला १९६३ पासून अणुवैद्यक केंद्र होतं, शिवाय किरणोत्सारी औषधं ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातून यायची सोय होती.

इंजेक्शन द्यायचं, दोन-तीन तास थांबवायचं, भरपूर पाणी प्यायला लावायचं, लघवीला पाठवायचं आणि मग कॅमेऱ्याखाली झोपवायचं, ही पद्धत आजही तशीच आहे. कॅमेऱ्याला मात्र कर्करोग दिसत नाही, हाडाची चाललेली डागडुजी दिसते. म्हणून झिजलेला गुडघाही उजळतो आणि लोकलच्या गर्दीत बरगडीला बसलेला मुका मारही. बरगडीवरचा एकुलता एक ठिपका बहुतेकदा निरुपद्रवी निघतो, पण तो ठरेपर्यंत घरात कोणाला झोप लागत नाही.

१९८० च्या दशकात सीए १५-३ हा रक्तात मोजला जाणारा मार्कर आला. बऱ्याच बायकांमध्ये फैलावाचा त्रास सुरू होण्याआधी काही महिने तो चढू लागतो, असं दिसलं. आधी कळलं तर आधी उपचार होतील, हे सगळ्यांना पटलं.

१९९४ मध्ये इटलीतले दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. दोन्हींत मिळून स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या अडीच हजारांवर बायका होत्या. निम्म्यांचे ठरलेल्या वेळापत्रकाने बोन स्कॅन आणि छातीचे एक्स-रे झाले. उरलेल्यांची फक्त डॉक्टरांकडून तपासणी आणि मॅमोग्राफी झाली. एका अभ्यासात स्कॅनच्या गटात हाडांतला आणि फुप्फुसांतला फैलाव लवकर सापडलाही. मृत्यूंच्या संख्येत मात्र फरक पडला नाही. त्यानंतर मार्गदर्शक सूचनांनी भूमिका घेतली की लक्षणं नसतील तर स्कॅन नको आणि मार्करही नको.

या निर्णयावर आजही वाद होतो आणि आक्षेपांत दम आहे. त्या बायका १९८० च्या दशकातल्या. कर्करोगावरचं हर्सेप्टिन, हाडं जपणारी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब ही सगळी औषधं नंतरची. सीए १५-३ तर त्या अभ्यासांचा मुद्दाच नव्हता. तरीही माझ्या मते निर्णय योग्य आहे, कारण फैलाव लक्षणांआधी शोधल्याने आयुष्य वाढतं हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. लिव्हरच्या आजारात, अगदी बी-१२ च्या कमतरतेच्या अ‍ॅनिमियातही हा मार्कर वाढू शकतो. तरी मुंबईत हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये तो सर्रास सापडतो. आकडा थोडा वर गेला की बाई फाइल घेऊन परळ गाठते, पुढे पेट स्कॅन (शरीरात साखर कुठे जास्त खपते ते दाखवणारी तपासणी) होतो, आणि सोबत आलेल्याचा रोजगार बुडतो तो वेगळाच. उलट, आठवडे न थांबणारी, रात्री जागवणारी पाठदुखी 'वयामुळे असेल' म्हणून मलमावर निभावली जाते. 'लक्षणं असतील तरच तपासा' या नियमात लक्षण नीट ऐकून घेणं गृहीत आहे आणि तोच भाग आपल्याकडे सगळ्यात कच्चा राहिला.

२००२ मध्ये परळलाच देशातला पहिला पेट स्कॅनर बसला. त्यात वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी फ्लोरिनचं अर्धआयुष्य ११० मिनिटांचं, म्हणजे तेवढ्यात ते निम्मं उरतं, म्हणून ते तयार करणारं सायक्लोट्रॉन हे यंत्रही शहरातच लागलं. पोखरलेल्या हाडातला आजार पेट चांगला पकडतो. हाड घट्ट करणारा आजार मात्र कधी कधी त्याच्या नजरेतून सुटतो आणि जुना बोन स्कॅन तो दाखवतो.

फैलाव पक्का झाल्यावर मार्करचं काम वेगळं होतं. उपचार लागू पडतोय का, हे तो स्कॅनच्या जोडीने सांगतो. तिथेही पहिले चार-सहा आठवडे फसवे असतात. औषध लागू पडत असतानाच कधी कधी आकडा उसळतो, आणि भरून येणारं हाड बोन स्कॅनवर त्याहूनही जास्त काळ, काही महिनेसुद्धा, आणखी उजळ दिसू शकतं. अशा वेळी एवढ्याच आधारावर औषध बदललं, तर चालू असलेला चांगला उपचार हातचा जातो.