रिकाम्या वसतिगृहांतील इंग्रजी : ब्रिटिश निवासी शाळांमधील उन्हाळी वर्गांची पार्श्वभूमी

दरवर्षी जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत इंग्लंडमधील अनेक जुन्या निवासी शाळांत, त्या शाळांच्या पटावर ज्यांचे नाव नाही अशी मुले राहायला येतात. इटली, स्पेन, तुर्कस्तान, चीन, जपान, ब्राझील अशा देशांतून आलेली ही मुले दोन ते चार आठवडे शाळेच्या वसतिगृहात राहतात, सकाळी इंग्रजीच्या तासांना बसतात, दुपारी शाळेच्या मैदानावर खेळतात आणि शनिवारी ऑक्सफर्ड किंवा लंडन पाहून येतात. मुंबई-पुण्याच्या काही घरांतूनही मुले या वर्गांना जाऊ लागली आहेत. आपल्याकडे या वर्गांची जाहिरात होते तेव्हा शाळेच्या स्थापनेचे वर्ष ठळक छापलेले असते, आणि त्यामुळे पाच-सहाशे वर्षांच्या त्या परंपरेचे शिक्षणच आपल्या मुलाला तीन आठवडे मिळणार आहे, असा पालकांचा समज होतो. इतिहास मात्र वेगळा आहे. या वर्गांत दोन निरनिराळ्या परंपरा एकत्र आल्या आहेत. त्यांतली एक निवासी शाळांच्या वास्तूंची आणि त्यांतील शिस्तीची आहे, तर दुसरी परदेशी माणसाला इंग्रजी शिकवण्याच्या व्यवसायाची. या दोघी कित्येक वर्षे एकमेकींपासून दूर वाढल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका छपराखाली आल्या.

निवासी शाळांची परंपरा अर्थातच जुनी आहे. विंचेस्टर कॉलेजची स्थापना १३८२ सालची आणि ईटनची १४४० सालची. सहाव्या हेन्री राजाने ईटनची स्थापना केली ती सत्तर गरजू मुलांच्या विनामूल्य शिक्षणासाठी. रग्बी शाळा १५६७ साली लॉरेन्स शेरिफ या किराणा व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून उभी राहिली आणि तिचाही मूळ हेतू आसपासच्या मुलांना शिकवण्याचा होता. पुढे या शाळांत शुल्क भरून राहणाऱ्या श्रीमंत घरांतील मुलांची संख्या वाढत गेली आणि मूळच्या धर्मादाय संस्था उच्चभ्रू वर्गाच्या झाल्या. १८२८ ते १८४२ या काळात रग्बीचे मुख्याध्यापक असलेल्या थॉमस अर्नोल्ड यांनी मोठ्या मुलांवर धाकट्यांची जबाबदारी सोपवण्याची पद्धत घट्ट केली, आणि प्रत्येक ‘हाउस’ म्हणजे वसतिगृह हे एका शिक्षकाच्या देखरेखीखालचे स्वतंत्र कुटुंब मानण्याची रीत त्यांच्या प्रभावाने इतर शाळांतही पसरली. १८६१ साली नेमलेल्या क्लॅरेंडन आयोगाने नऊ प्रमुख शाळांची चौकशी केली आणि १८६८ च्या कायद्याने त्यांपैकी सात शाळांच्या कारभाराला नवी चौकट दिली.

याच सुमारास रेल्वेचे जाळे विणले गेले आणि चेल्टनहॅम (१८४१), मार्लबरो (१८४३), वेलिंग्टन (१८५९) अशा नव्या शाळांची रांग लागली. साम्राज्याच्या नोकरीत असलेल्या अधिकाऱ्यांना मुलांच्या शिक्षणाची सोय मायदेशी हवी होती आणि हिंदुस्थानात राहणाऱ्या गोऱ्या कुटुंबांतील मुले अगदी लहान वयात बोटीने इंग्लंडला पाठवली जात. त्यापूर्वी ईस्ट इंडिया कंपनीने हर्टफर्डशायरमधील हेलीबरी येथे आपल्या भावी मुलकी अधिकाऱ्यांसाठी निवासी महाविद्यालय चालवले होते. तेथे इंग्रज तरुण संस्कृत, फारसी आणि हिंदुस्थानी शिकून मग मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या बोटीत चढत. कंपनीची सत्ता गेल्यावर ते महाविद्यालय बंद पडले आणि १८६२ पासून त्याच वास्तूत शाळा सुरू झाली. वसतिगृहात राहून भाषा शिकायची आणि मग त्या भाषेच्या मुलखात जायचे, हा प्रवास एकेकाळी उलट्या दिशेने होत होता, ही गोष्ट आपण मराठी वाचकांनी तरी लक्षात ठेवायला हवी.

परदेशी लोकांना इंग्रजी शिकवण्याचा इतिहास या शाळांच्या आवारात सुरूच झाला नाही. पॅट्रिक गेडिस यांनी १८८७ पासून एडिंबरोमध्ये उन्हाळी संमेलने भरवायला सुरुवात केली. पुढे हेच गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र या विभागाचे पहिले प्राध्यापक झाले, त्यामुळे मुंबईला त्यांचे नाव परके नाही. सुट्टीच्या दिवसांत विद्यापीठाच्या गावी देशोदेशीच्या लोकांनी एकत्र येऊन शिकावे ही कल्पना त्या संमेलनांनी रुजवली. १८८८ साली ऑक्सफर्डनेही आपले पहिले उन्हाळी संमेलन भरवले. तिथे येणारे लोक प्रौढ होते, बहुधा शिक्षकच. १९१३ साली केंब्रिजने परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली तीही भावी भाषाशिक्षकांना समोर ठेवून. पहिल्या वर्षी तिला तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. अनुवाद, निबंध आणि उच्चारशास्त्र असे त्या परीक्षेचे स्वरूप होते. चौदा वर्षांच्या मुलाने तीन आठवडे येऊन बोलके इंग्रजी आत्मसात करावे, हे त्या काळी कोणाच्या मनातही नव्हते.

१९३४ साली ब्रिटिश काउन्सिलची स्थापना झाली आणि इंग्रजीचे अध्यापन हा परराष्ट्र संबंधांचा भाग झाला. पण आजच्या उन्हाळी वर्गांचे खरे मूळ मला महायुद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत दिसते, आणि त्या काळातील एका माणसाची हकिगत सविस्तर सांगण्याजोगी आहे. फ्रँक बेल हे ब्रिटिश तोफखान्यातील अधिकारी जपान्यांच्या हाती सापडले आणि बोर्निओ बेटावरील कुचिंगच्या युद्धकैद्यांच्या छावणीत कित्येक महिने राहिले. उपासमार आणि आजार यांनी माणसे मरत होती आणि शिकवण्यावर बंदी होती. तशा स्थितीत बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छावणीत गुप्तपणे एक ‘विद्यापीठ’ चालवले. मिळतील ते कागदाचे कपटे शिवून वह्या केल्या, भाषांचे आणि इतर विषयांचे तास घेतले, आणि ज्यांनी अभ्यासक्रम पुरा केला त्यांना हाताने लिहिलेली प्रमाणपत्रेही दिली. माणसे एकमेकांची भाषा शिकली तर एकमेकांना शत्रू मानणे कठीण होईल, या विश्वासाने बेल यांनी १९५५ साली केंब्रिज येथे परदेशी विद्यार्थ्यांसाठी भाषाशाळा काढली. पुढे याच संस्थेने शाळकरी मुलांसाठी निवासी शाळांच्या आवारात उन्हाळी वर्ग चालवले. या व्यवसायाकडे केवळ पैशाचा खेळ म्हणून पाहणाऱ्यांनी कुचिंगच्या त्या वह्यांचा विचार जरूर करावा.

याच काळात युरोपातील मध्यमवर्गाच्या हाती पैसा आणि सुट्टी दोन्ही आले. स्वीडन, जर्मनी, फ्रान्स येथील मुले उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर येऊ लागली. बोर्नमथ, हेस्टिंग्ज, ब्रायटन या समुद्रकाठच्या गावांत घरोघरी पाहुणे ठेवण्याची रीत होतीच. मुले अशा घरांत राहत आणि सकाळी गावातल्या एखाद्या सभागृहात तासांना जात. बर्टिल हुल्ट या स्वीडिश तरुणाने १९६५ साली लुंड येथे ‘ईएफ’ ही संस्था काढली ती याच प्रवासासाठी. स्वतः हुल्ट यांना वाचनाची अडचण होती, आणि शाळेत जे इंग्रजी येईना ते लंडनमध्ये काम करताना कानावर पडून आले, हा त्यांचा अनुभव संस्थेच्या मुळाशी होता. दुसरीकडे जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने स्पेनमधील कॉर्दोबा येथे १९५३ साली सुरू केलेले इंग्रजी शिकवण्याचे काम १९५९ साली लंडनला आणले आणि १९६२ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांसाठी अल्पमुदतीचे प्रशिक्षण सुरू केले.

या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाकडे सहसा लक्ष जात नाही, पण माझ्या मते उन्हाळी वर्गांचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. शिक्षणशास्त्राची दीर्घ पदवी न घेता चार आठवड्यांच्या कसून घेतलेल्या प्रशिक्षणानंतर पदवीधर तरुण वर्गावर उभा राहू शकतो, हे एकदा मान्य झाल्यावर फक्त दोन महिन्यांसाठी शेकडो शिक्षक नेमणे शक्य झाले. आज उन्हाळी वर्गांत शिकवणारे बहुतेक शिक्षक असेच हंगामी असतात. त्यांतले पुष्कळ जण वर्षातले इतर महिने स्पेन, पोलंड किंवा व्हिएतनाममध्ये इंग्रजीच शिकवतात आणि उन्हाळ्यापुरते मायदेशी येतात. शाळेचे नियमित शिक्षक त्या वेळी सुट्टीवर असतात. म्हणजेच पालक ज्या शाळेच्या नावासाठी पैसे मोजतात, त्या शाळेचा शिक्षकवर्ग मुलाला बहुधा भेटतच नाही. हे शिक्षक कमी प्रतीचे असतात असे मुळीच नाही. परदेशी मुलांना इंग्रजी शिकवण्याचा त्यांचा सराव शाळेतल्या साहित्याच्या शिक्षकापेक्षा कितीतरी जास्त असतो. फक्त ती परंपरा वेगळी आहे.

मग या दोन परंपरा एकत्र का आल्या? याचे उत्तर साधे आहे. ब्रिटनमधील खासगी शाळांची उन्हाळी सुट्टी सुमारे आठ आठवड्यांची असते. त्या काळात शेकडो खाटांची वसतिगृहे, भोजनगृह, पोहण्याचा तलाव, नाट्यगृह आणि एकरांवारी मैदाने नुसती पडून राहतात, तर देखभालीचा खर्च चालूच असतो. १९७० च्या दशकातील महागाईने शाळांचे कंबरडे मोडले आणि पुढच्या दोन दशकांत मुलांना वसतिगृहात ठेवण्याचे प्रमाणही घटले. अशा वेळी सुट्टीतील जागा भाड्याने देणे, किंवा त्यासाठी शाळेचीच स्वतंत्र कंपनी काढून वर्ग चालवणे, हा उत्पन्नाचा मोठा आधार ठरला. दुसऱ्या बाजूला भाषाशाळांना किनाऱ्यावरच्या घरांपेक्षा एकाच आवारात, एकाच देखरेखीखाली मुले ठेवणे सोयीचे वाटू लागले, आणि दूरच्या देशांतील पालकांचाही त्यावर अधिक विश्वास बसला.

सॉमरसेटमधील मिलफील्ड शाळेची कथा या संदर्भात लक्षणीय आहे. तिचे संस्थापक जॅक मेयर हे कापसाच्या व्यापारासाठी मुंबईत आलेले, मुंबईच्या चौरंगी सामन्यांत युरोपियन संघाकडून क्रिकेट खेळलेले गृहस्थ. नंतर ते सौराष्ट्रातील ध्रांगध्रा संस्थानात शिक्षक झाले आणि १९३५ साली सात भारतीय मुलांना घेऊन इंग्लंडला परतले. त्या सात मुलांच्या शिकवणीतून मिलफील्ड उभी राहिली. आज तेथे उन्हाळ्यात परदेशी मुलांसाठी इंग्रजीचे वर्ग भरतात. शेरबोर्न शाळेने १९७७ साली परदेशी मुलांसाठी स्वतंत्र अभ्यासकेंद्र काढले. हॅरोसारख्या अतिशय नावाजलेल्या शाळेच्या आवारातही उन्हाळी वर्ग चालतात.

प्रत्यक्ष दिनक्रमात दोन्ही परंपरांचे सांधे स्पष्ट दिसतात. मूल बहुधा रविवारी पोहोचते आणि पाठोपाठ त्याची पातळी ठरवणारी लेखी व तोंडी चाचणी होते. वर्ग वयापेक्षा पातळीनुसार पडतात आणि पातळ्यांना युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीतील ए-१ ते सी-२ अशी नावे असतात. आठवड्याला साधारण पंधरा तास अध्यापन होते. हा सगळा भाषाशाळांचा वारसा. दुपारनंतर मात्र शाळेच्या वास्तूचे राज्य सुरू होते. मुलांना ‘हाउस’ नेमून दिलेले असते, त्या ‘हाउस’चे संघ एकमेकांशी स्पर्धा करतात, लांब बाकांवर बसून जेवण होते आणि रात्री ठरलेल्या वेळी मोबाइल जमा करून दिवे मालवले जातात. एका खोलीत एकाच देशाची मुले शक्यतो ठेवत नाहीत. भाषा वाढते ती पुष्कळदा याच नियमामुळे, कारण इटालियन आणि जपानी मुलाला उशी कोणाची हे ठरवायलाही इंग्रजीच वापरावी लागते. जिथे एका देशाचा मोठा गट एकत्र येतो, तिथे हे साधत नाही. इटलीची सामाजिक विमा संस्था सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना अशा प्रवासासाठी अर्थसाहाय्य देते, त्यामुळे काही ठिकाणी इटालियन मुलांचीच गर्दी होते. म्हणून एखाद्या वर्गाची पारख करताना शाळेच्या इमारतीच्या छायाचित्रांपेक्षा कोणत्या देशाची किती मुले येतात हे विचारणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

देखरेखीची व्यवस्थाही टप्प्याटप्प्याने घडली. भाषाशाळांना सरकारी मान्यता देण्याची पद्धत १९५० च्या दशकात सुरू झाली. १९८२ नंतर हे काम ब्रिटिश काउन्सिलकडे आले आणि आज ते ‘इंग्लिश यूके’ या भाषाशाळांच्या संघटनेच्या भागीदारीत चालते. दर चार वर्षांनी पूर्ण तपासणी होते. अध्यापनाबरोबर निवास, जेवण आणि अठरा वर्षांखालील मुलांची सुरक्षितता यांचीही त्यात पाहणी असते.

गेल्या काही वर्षांत या व्यवसायाला मोठे धक्के बसले. २०२० चा उन्हाळा महासाथीने बुडाला. युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडल्यावर १ ऑक्टोबर २०२१ पासून युरोपातील मुलांना केवळ राष्ट्रीय ओळखपत्रावर ब्रिटनमध्ये येता येईनासे झाले आणि पासपोर्ट नसलेल्या मुलांचे गट आयर्लंड व माल्टाकडे वळले. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या शुल्कावर वीस टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला, तेव्हा सुट्टीतील उत्पन्नाची शाळांना वाटणारी गरज आणखी वाढेल असे मला वाटते. युरोपाबाहेरच्या देशांत या वर्गांचा प्रचार वाढण्यामागे हेच कारण असावे.

महाराष्ट्रापुरता विचार केला तर एक अडचण निव्वळ दिनदर्शिकेची आहे. राज्य मंडळाच्या शाळांची सुट्टी मे महिन्यात असते आणि जूनच्या मध्यावर, विदर्भात जूनच्या अखेरीस, शाळा उघडतात. ब्रिटिश शाळांची वसतिगृहे रिकामी होतात ती त्यानंतर. साहजिकच हे वर्ग मुख्यतः जून-जुलैत सुट्टी देणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांतील मुलांच्याच आवाक्यात येतात. खर्चाची भिंत आहे ती वेगळीच. सहा महिन्यांपर्यंतच्या अशा वर्गासाठी अभ्यागत व्हिसा चालतो, मात्र संस्था अधिकृत मान्यतेची हवी आणि मूल एकटे जात असेल तर पालकांचे संमतिपत्र व निवासाची माहिती द्यावी लागते. दरम्यान शाळांनीच इकडे येण्याचा मार्ग धरला आहे. २०२३ साली वेलिंग्टन कॉलेजची शाखा पुण्यात सुरू झाली. ज्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या स्मरणार्थ मूळ शाळा उभारली गेली, त्यानेच १८०३ साली असईच्या रणांगणावर शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला होता. पुण्याच्या या शाखेत शिकवणारे शिक्षक वर्षभराचे असतात आणि मुले तिच्या पटावरची. उन्हाळी वर्गात यांतले काहीच नसते, आणि पालकांनी दोहोंची तुलना करताना हा फरक आधी पाहावा.