पिशवी मासे गार करत नाही

पहिली ऑगस्ट उजाडली, मासेमारीवरची बंदी उठली, की नवी मुंबईतली हौशी मंडळीही गळ बाहेर काढतात. नेरूळच्या सारसोळे जेट्टीवर त्यांच्या शेजारी हल्ली चंदेरी अस्तराची पिशवी दिसते. पिशवीवर ‘24 तास थंड’ असं छापलेलं असतं. त्या भरवशावर उन्हात तापलेली बोय किंवा शिंगाळा आत टाकायचा, वर दोन मुठी बर्फ, आणि चेन बंद.

पिशवी गोधडीसारखी असते. ती फक्त उष्णतेची ये-जा अडवते, आणि आत काय घातलंय हे तिला कळत नाही. गरम मासा घातलात तर ती इमानेइतबारे त्याचीच ऊब जपते. गार करायचं काम बर्फाचं, म्हणून हिशोब बर्फाचा मांडायचा.

एक किलो मासा 1 अंशाने गार करायचा तर त्यातून साधारण 3.6 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणजे 30 अंशांवरचे तीन किलो मासे शून्यावर आणायला 3.6 × 30 × 3, जवळपास 324 किलोज्यूल. आता बर्फाची गंमत पाहा. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळून शून्य अंशाचंच पाणी होतो, तापमान तसूभर वाढत नाही, आणि तेवढ्यात तो 334 किलोज्यूल गिळतो. हीच शाळेत घोकलेली अप्रकट उष्णता, ग्रॅमला 80 कॅलरी. ती जाते पाण्याच्या रेणूंची बर्फातली जखडलेली रचना मोडण्यात. त्याउलट एक किलो गार पाणी शून्यावरून 5 अंशांवर जाताना जेमतेम 21 किलोज्यूल घेतं. सोळापट फरक! थोडक्यात, तीन किलो माशांना किलोभर बर्फ नुसता गार व्हायलाच लागतो. भिंतीतून शिरणाऱ्या उष्णतेसाठीचा वेगळा. आपल्या हवेत माशाइतकाच बर्फ घ्यावा. पिशवी आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून फारसं काही साधत नाही, कारण दहा लिटर थंड हवेचं वजन असतं अवघं 12 ग्रॅम.

बर्फ बारीक फोडलेला हवा. मोठ्या लादीच्या आणि माशाच्या मधे हवा राहते, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहतं. म्हणून बर्फात थोडं पाणी घालून केलेला काला मासा सगळ्यात लवकर गार करतो. पाण्यात लिटरला 30 ग्रॅम मीठ घातलं तर तापमान शून्याच्याही किंचित खाली जातं. मात्र पाणी नळाचं घ्या, ठाण्याच्या खाडीचं नको. मासा पुरता गार झाला की रक्ताळलेलं पाणी ओतून टाका आणि नवा बर्फ भरा. पोट आणि कल्ले आधीच साफ केलेले बरे, जिवाणूंचा मोठा साठा तिथेच असतो.

धक्क्यावरून बांगडा, सुरमई किंवा कुपा आणणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेत राहिला की काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते तळून जात नाही, आमटीत उकळूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. मग घरात कुणीतरी म्हणतंच, ‘माशावर दूध प्यायलास ना!’ दुधाचा इथे काडीचाही संबंध नाही. मासे-दुधाने कोड येतं हीही निव्वळ समजूत. कोडात शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्वचेतल्या रंगपेशींवर उठते. खाज सुटली तर दृष्ट काढत बसू नका, डॉक्टरकडे जा.

घरी आल्यावर पिशवी आधी गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने चिकटा शिवणीत शिजून बसतो. मग साबण लावा, आणि चेन उघडी ठेवून पिशवी उलटी वाळवा. अस्तराला चीर पडली असेल तर फोममध्ये पाणी मुरतं आणि ती उष्णताही अडवत नाही. तेव्हा ती भाजीला वापरा.