नको असलेला शॉर्टकट बंद करून घेताना: स्क्रीन रीडर वापरणाऱ्या ग्राहकांसाठी

पणजी, म्हापसा, फोंड्याकडच्या आमच्या बऱ्याच ग्राहकांच्या संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, आहे. ‘अमुक शॉर्टकट (एकत्र दाबून आज्ञा देणाऱ्या कळा) बंद करून द्या’ अशी मागणी वरचेवर येते. आधी तो शॉर्टकट कुणाचा आहे ते पाहावं लागतं.

तो एनव्हीडीएचाच असेल तर स्क्रिप्टची, म्हणजे वेगळा छोटा प्रोग्राम लिहिण्याची, गरज नाही. एनव्हीडीए कळ (बहुधा इन्सर्ट) आणि एन दाबून मेनू उघडा, प्रेफरन्सेसमधून इनपुट जेश्चर्समध्ये जा, आज्ञा शोधा आणि तिच्यापुढची कळ काढून टाका. एवढ्यासाठी आम्हाला बोलावून पैसे घालवू नका.

शॉर्टकट वर्डचा किंवा बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा असेल तर मात्र स्क्रिप्ट लिहावी लागते. उदाहरणार्थ, अर्जाचं शीर्षक मध्यभागी आणायला कंट्रोल ई दाबायचं असतं. बोट शेजारच्या डब्ल्यूवर पडलं की वर्ड फाइल बंद करायला निघतो, आणि घाईत ‘सेव्ह नको’ म्हटलं गेलं तर अर्ज गेलाच. दाबलेली कळ आधी एनव्हीडीएकडे येते, मग वर्डकडे जाते. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली आमची छोटी स्क्रिप्ट कंट्रोल डब्ल्यू वाटेतच अडवते, तीही फक्त वर्डपुरती. फाइल बंद करायला कंट्रोल एफ४ राहतंच.

अडवलेली कळ मुकी ठेवायला आम्ही तयार नसतो. डोळस माणसाला पडद्यावर काही हललं नाही हे दिसतं. ऐकून काम करणाऱ्याला मात्र शांतता म्हणजे संगणक अडकला असंच वाटतं. म्हणून आमची स्क्रिप्ट ‘ही कळ बंद आहे’ असं बोलते. कधी ती कळ खरंच हवी असेल, तर आधी एनव्हीडीए कळ आणि एफ२ दाबा. पुढची कळ न अडता थेट वर्डकडे जाईल.

स्क्रिप्टच्या मर्यादाही माहीत असू द्या. एनव्हीडीए बंद असेल किंवा त्या प्रोग्रामसाठी स्लीप मोडमध्ये (त्या प्रोग्रामपुरता गप्प) असेल, तर काहीच अडत नाही. कंट्रोल ऑल्ट डिलीट विंडोजच्या हातात असतं, ते कुठल्याच स्क्रिप्टला अडवता येत नाही.

कुणी पाठवलेली तयार स्क्रिप्टची फाइल मात्र कृपा करून एनव्हीडीएमध्ये टाकू नका. पायथनची स्क्रिप्ट तुमच्या फाइलींपर्यंत पोचू शकते. शिवाय वर्डसाठी एनव्हीडीएचं स्वतःचं मॉड्यूल, म्हणजे खास वर्डपुरता प्रोग्रामचा भाग, असतं. त्याच नावाची नवी फाइल ठेवली आणि तिच्यात मूळ मॉड्यूल जोडून घेतलं नाही, तर त्यातल्या वर्डसाठीच्या खास सोयीच निघून जातात.

जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्येही हे काम होतं, पण त्याची स्क्रिप्टची भाषा वेगळी आहे. त्यामुळे तुमच्याकडे कोणता स्क्रीन रीडर आहे ते फोनवरच सांगा.

आम्ही येऊ त्या दिवशी संगणकावर रोज बसणारी व्यक्ती हजर हवी. कोणती कळ अडवायची हे तीच ठरवील; नुसत्या साहेबांच्या सांगण्यावरून आम्ही कळ बंद करत नाही.