लिंगताठरता दोष

संभोगाला पुरेल इतकी ताठरता लिंगाला न येणे किंवा आलेली न टिकणे, आणि हे काही महिने चालू राहणे, म्हणजे लिंगताठरता दोष. थकव्याने किंवा दारूने एखाद्या रात्री असे झाले तर तो आजार नव्हे. ‘नपुंसकत्व’ हा जुना शब्द टाकून द्यावा. तो आजाराला नाव देत नाही, माणसाला नावे ठेवतो.

इंदूरच्या मराठी घरांत हा विषय ‘कमजोरी’ या हिंदी शब्दाआड दडतो. औषधाच्या दुकानात इतर गिऱ्हाइके जाईपर्यंत माणूस बाजूला उभा राहतो, मग हलक्या आवाजात गोळी मागतो. डॉक्टरांची चिठ्ठी नसते, रक्तदाब मोजलेला नसतो.

खरे तर हा बहुतेकदा रक्तवाहिन्यांचा आजार असतो. उत्तेजना झाली की मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर यांतून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो, लिंगातले स्नायू सैलावतात, रक्त भरते आणि ते परत नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. ताठरता येते ती स्नायू सैल पडल्याने. म्हणूनच भीती आणि ताण तिच्या मुळावर येतात. लिंगाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४. चरबीचा थर दोन्हीकडे साचतो, पण बारीक नळी आधी अडते. त्यामुळे हृदयविकाराच्या काही वर्षे आधी हेच लक्षण दिसू शकते. चाळिशीतल्या माणसाने तर ते मुळीच अंगावर काढू नये.

मधुमेह, इंदूरच्या बोलीत ‘शुगर’, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही बिघडवतो. तंबाखू, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची कमतरता, प्रोस्टेटची (मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) शस्त्रक्रिया, नैराश्यावरची व रक्तदाबाची काही औषधे हीही कारणे आहेत. मात्र अशी औषधे स्वतःहून बंद करू नयेत. पहाटे झोपेत ताठरता येत असेल आणि पत्नीजवळ येत नसेल, तर कारण मनाकडे शोधावे लागते. हस्तमैथुनाने ‘धातू’, म्हणजे वीर्य, जाऊन हा दोष होतो, ही समजूत निराधार आहे आणि तिने कित्येक तरुणांची झोप उडवली आहे.

तपासणीत साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि सकाळच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन पाहतात. १९९८ पासून मिळणारे सिल्डेनाफिल (‘व्हायग्रा’ गोळीतले औषध) पुष्कळांना उपयोगी पडते. पण छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी ज्याच्या खिशात असते, त्याने ते घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा खाली येतो.